भावाचा एमआरआय 'नॉर्मल' आला, मग बायपोलरमधली ती 'कनेक्टिव्हिटी' दिसते कुठे?

गोदाकाठची
धागा घरगुती आहे, पण प्रश्न शास्त्राचा आहे म्हणून इथे टाकतेय.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलरचं (कधी बेफाम उत्साह म्हणजे मॅनिया, कधी खोल उदासी असा आजार) निदान झालंय. मॅनिया इतका चढला की ॲडमिट करावं लागलं. आता लिथियमच्या गोळ्यांवर आहे आणि बरा आहे. ॲडमिट असताना मेंदूचा एमआरआय काढला होता, त्यात विशेष काही आढळलं नाही असं लिहून आलं. तो कागद आमच्या मोठ्या काकांच्या हाती लागला आणि तेव्हापासून घरात एकच पालुपद: "मेंदूत काही नाही ना? मग गोळ्या कशाला?"

त्यांना पटवायचं म्हणून मी वाचायला बसले. जिथे बघावं तिथे हेच, की बायपोलर असलेल्यांच्या मेंदूत वेगवेगळ्या भागांची आपापसातली जोडणी वेगळी असते. दोन लेख काकांना पाठवले. काका जुने इंजिनिअर. त्यांचं उत्तर आलं, "जोडणी वेगळी असेल तर एमआरआयत का दिसली नाही? एक तर तुझा लेख खोटा, नाहीतर रिपोर्ट." यावर मी गप्प.

कोणी समजावून सांगेल का? आणि एका ओळखीच्यांनी सुचवलंय की अमुक सेंटरमध्ये 'ब्रेन मॅपिंग' करून घ्या, रंगीत चित्र मिळतं, निदान पक्कं होतं. करावं का?

मिसळ_विदाउट_तर्री
काकांना वकिली करायला हवी होती.

माझा अडाणी अंदाज: मेंदू म्हणजे आपला द्वारका चौक. पूल जागच्या जागी, रस्ते जागच्या जागी, सिग्नलसुद्धा आहे. तरी संध्याकाळी साडेसहाला तिथे काय होतं ते नाशिककराला सांगायला नको.

निफाडचा_बंडू
वाचतोय. जागा धरून ठेवतो.

क्ष_किरण
मी रेडिओलॉजीतला, मानसोपचारातला नाही. तेवढ्या मर्यादेत लिहितो.

ताई, रिपोर्टही खरा आणि लेखही खरा. पहिल्यांदाच मॅनिया आलेल्या पेशंटचा एमआरआय आम्ही बघतो तो गाठ, रक्तस्राव, जुना स्ट्रोक, सूज असं दुसरं काही कारण नाही ना, यासाठी. आमच्या भाषेत 'नॉर्मल' म्हणजे यातलं काही नाही, एवढंच. बायपोलर आहे की नाही हा प्रश्न त्या कागदाला कोणी विचारलेलाच नसतो.

आता जोडणी. ती दोन तऱ्हेने मोजतात.

एक रचनेची. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या तंतूंच्या जुड्या असतात, तेच व्हाइट मॅटर. पाण्याचे रेणू या तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे कमी. डीटीआय नावाच्या स्कॅनमध्ये हे सरकणं मोजतात आणि जुडी किती सुबक आहे याचा अंदाज बांधतात. 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये २६ ठिकाणचे मिळून ३,०३३ लोकांचे असे स्कॅन एकत्र तपासले. त्यात साधारण निम्मे बायपोलरचे, निम्मे आजार नसलेले. फरक बऱ्याच ठिकाणी सापडला, पण ठळक होता तो कॉर्पस कॅलोसममध्ये, म्हणजे मेंदूचे डावे-उजवे अर्धे जोडणाऱ्या सुमारे २० कोटी तंतूंच्या पट्ट्यात, आणि सिंग्युलममध्ये. ही दुसरी जुडी भावनांशी संबंध असलेल्या भागांना जोडते.

दुसरी कामाची जोडणी. माणूस मशीनमध्ये नुसता पडून असतो, तरी मेंदूच्या प्रत्येक भागातल्या रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण हळूहळू वरखाली होत राहतं. दोन लांबचे भाग एकाच तालात वरखाली होत असतील तर ते जोडलेले आहेत असं मानतात. १९९५ मध्ये भरत बिस्वाल या तेव्हाच्या विद्यार्थ्याने दाखवलं, की हात न हलवता पडलेल्या माणसातही डाव्या आणि उजव्या हाताचे मेंदूतले भाग असे तालात असतात. सुरुवातीला कित्येकांना तो मशीनचा गोंधळच वाटला होता.

मिसळराव, तुमचा चौक उसना घेतो. साधा एमआरआय म्हणजे चौकाचा वरून काढलेला फोटो: पूल पडलाय का, रस्ता खचलाय का. डीटीआय म्हणजे रस्त्याच्या डांबराची प्रत. आणि कामाची जोडणी म्हणजे एकही गाडी प्रत्यक्ष न बघता, द्वारकेला गर्दी झाली की मुंबई नाक्यालाही होते का, एवढ्यावरून दोघांचा संबंध ओळखणं.

ब्रेन मॅपिंगबद्दल: निदानासाठी करू नका. त्या नावाखाली बहुधा ईईजीचंच, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या विजेच्या आलेखाचंच, रंगीत रूप देतात. बायपोलरचं निदान आजही लक्षणांचा इतिहास ऐकूनच होतं. फिटची शंका असेल तर साधा ईईजी काढतात, ती वेगळी गोष्ट.

मिसळ_विदाउट_तर्री
डांबराची प्रत! डॉक, हा शब्द सिंहस्थाच्या कामांच्या धाग्यावर वापरू नका, तो धागा आधीच तापलाय.

तारतम्य
क्ष_किरण यांचा प्रतिसाद उत्तम, पण एक गोष्ट अजून ठणकावून सांगायला हवी. हे सगळे फरक सरासरीचे आहेत. हजार-पंधराशे जणांचा एक गट आणि तेवढाच दुसरा घेतला की सरासरीत फरक दिसतो, पण दोन्ही गटांची माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एकट्याचा स्कॅन हातात देऊन "हा कुठल्या गटातला?" विचारलं तर पंचाईत.

किती पंचाईत, तेही मोजलंय. याच एनिग्मा गटाने १३ ठिकाणच्या ३,०२० लोकांच्या स्कॅनवर संगणकाला शिकवून बघितलं. ते स्कॅन कनेक्टिव्हिटीचे नव्हते, मेंदूच्या भागांची जाडी आणि आकारमान यांचे होते, पण मुद्दा तोच. अचूकता आली ६५ टक्के. आणि ज्या ठिकाणचा डेटा संगणकाने आधी पाहिलेलाच नव्हता तिथे लावलं तर ५९ टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवलं तरी ५० येतात. काकांना हे आकडे पाठवा, इंजिनिअर माणसाला आकडा पचतो.

बाकी एफएमआरआय, म्हणजे ही कामाची जोडणी मोजणारा स्कॅन, ऐकलं की मला तो मेलेला सामन मासा आठवतो. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि "या माणसाला आत्ता काय वाटत असेल?" असं रीतसर विचारलं. आकडेवारीतली एक आवश्यक दुरुस्ती गाळली तर माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली. दुरुस्ती केल्यावर ती गेली. २०१२ मध्ये त्यांना विनोदी नोबेल मिळालं.

मिसळ_विदाउट_तर्री
मासा मेलेला असून दुसऱ्याच्या भावनांचा विचार करतोय. आमचे शेजारी जिवंत असून करत नाहीत.

निफाडचा_बंडू
सामन नको, पापलेट ठेवायचं होतं, निदान नंतर उपयोग झाला असता. कॉलेज रोडला हल्ली कोकणी खानावळी बऱ्याच झाल्यात, पण ताजं पापलेट

संपादक
खानावळींचा धागा वेगळा आहे. इथे विषयाला धरून राहू या. शिवाय दोघांनी नाशिकमधल्या चांगल्या सायकियाट्रिस्टचं नाव विचारलंय. व्यक्तींची नावं, नंबर धाग्यावर नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तातडीचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलतात.

सेकंड_शिफ्ट
बराच वेळ लिहू की नको करत होतो. तुम्ही सगळे ज्या गटाची सरासरी काढताय त्या गटातला मी.

अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. निदान झालं त्या वर्षी मला झोप लागत नव्हती आणि नकोही वाटत होती. पहाटे तीनला चुलतभावाला उठवून गंगापूर धरणाच्या बाजूला होमस्टे काढायचा प्लॅन सांगायचो. टोकन देऊन आलो होतो. बायकोचे दागिने मोडायचे तेवढे बाकी होते. ते अंगावर येतं तेव्हा आजारी वाटत नाही हो. आयुष्यात पहिल्यांदा सगळं सुचतंय असं वाटतं. मॅनियात बक्षिसाची नुसती चाहूल लागली तरी मेंदूतला बक्षिसाशी संबंध असलेला भाग जास्त पेटतो असं वाचलं तेव्हा मला होमस्टेच आठवला.

माझं निदान झालं ते बायकोच्या तोंडून. डॉक्टरांनी मला अर्धा तास बोलू दिलं, मग तिला वेगळं बसवून झोप, खर्च, बोलण्याचा वेग, हे किती दिवस चाललंय असं सगळं विचारलं. आठवडाभर किंवा जास्त, जवळपास दिवसभर असं असेल तर मॅनिया धरतात, आणि ॲडमिट करायची वेळ आली तर दिवसही मोजत बसत नाहीत. माझा एमआरआय काढलाच नाही. त्याने माझं काही अडलं नाही.

अडतं ते झोपेवर. रात्रपाळी लागली की दोन-तीन दिवसांत गाडी वर जायला लागते. डॉक्टरांनी पत्र दिलं, कंपनीने नाइट काढून टाकली, तेव्हापासून बराच स्थिर आहे. गोदाताई, भावाच्या मेंदूतल्या तारा शोधण्यापेक्षा तो रात्री किती वाजता झोपतो ते बघा.

सई_देवळाली
सेकंड_शिफ्ट, मनापासून लिहिलंत.

माझी मोठी बहीण बायपोलर आहे, म्हणून हे संशोधन मी जरा स्वार्थाने वाचते. भावंडांवरचा २०१७ चा एक अभ्यास मला फार आवडतो. त्यात तीन गट होते: रुग्ण, त्यांची आजार नसलेली भावंडं, आणि ज्यांच्या घरात हा आजार नाही असे लोक. स्पर्श-हालचालींच्या जाळ्यातली जोडणी रुग्णांत आणि भावंडांत, दोघांतही सैल आढळली, म्हणजे ती घराण्याची देणगी दिसते. पण डिफॉल्ट मोड नेटवर्क, म्हणजे आपण काही विशेष करत नसताना जागं असणारं जाळं, ते भावंडांमध्ये जास्त घट्ट जोडलेलं होतं. रुग्णांमध्ये तसं नव्हतं. संशोधकांचा तर्क असा, की तोच धोका घेऊन जन्मलेल्या भावंडांचा मेंदू काहीतरी भरपाई करत असावा.

म्हणजे 'वेगळी जोडणी' म्हणजे सरसकट 'बिघडलेली जोडणी' नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर वीसेक वर्षांची असताना मी स्वतःच्या प्रत्येक आनंदाला घाबरले नसते.

गोदाकाठची
सई, शेवटचं वाक्य माझंच आहे. परवा मी उत्साहात माळा साफ करायला काढला तर आई दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, पण कळलं.

सई_देवळाली
हो. आणि हे आजार घराण्यात चालतात हे खरं असलं तरी बहुतेक भावंडांना तो होत नाही, हेही तितकंच खरं. आईंना हे डॉक्टरांकडून ऐकवा. तुमच्याकडून ऐकणार नाहीत.

अप्पा_पंचवटीकर
माझा थोरला भाऊ याच आजाराचा. तेव्हा आम्हाला नावही ठाऊक नव्हतं. बाहेरचं आहे म्हणून अंगारे-धुपारे झाले, लग्न केलं की सुधारेल म्हणून लग्नही झालं. वहिनींनी जे काढलं ते त्यांनाच माहीत. पुढे लिथियम सुरू झालं आणि नंतरची वर्षं त्याने रामकुंडाजवळचं दुकान नीट सांभाळलं. हे औषध मॅनियावर चालतं हे जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात १९४९ सालीच दाखवलं होतं. आमच्या घरात पोचायला मधे किती वर्षं गेली बघा.

माझं म्हणणं कडू वाटेल. तुमचे हे हजारो स्कॅन झाले, त्यातून माझ्या भावासारख्या एकालाही नवी गोळी मिळाली का?

क्ष_किरण
अप्पा, प्रामाणिक उत्तर: त्यातून थेट नवी गोळी नाही. पण त्याच एनिग्माच्या २०१९ च्या कामात एक गोष्ट अशी दिसली, की लिथियम घेणाऱ्यांच्या व्हाइट मॅटरचे आकडे त्यातल्या त्यात चांगले होते. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, जाडीच्या अभ्यासातही तसंच, लिथियमवाल्यांचा तो थर कमी पातळ.

तारतम्य
इथे मी आडवा येणार. लिथियममुळे चांगले, की ज्यांचा मेंदू आधीच बरा त्यांनाच लिथियम लागू पडलं आणि म्हणून ते त्यावर टिकले? एकदाच काढलेल्या फोटोवरून हे सांगता येत नाही. शिवाय मशीनमध्ये हललं तर? मॅनियातला माणूस पुतळ्यासारखा पडून राहील का?

क्ष_किरण
हरकत रास्त. हलण्याचा मुद्दा तर या क्षेत्राला २०१२ मध्ये चांगलाच नडला. मिलिमीटरच्या अंशाइतकं डोकं हललं तरी जवळच्या भागांची जोडणी खोटीच वाढते आणि लांबच्यांची खोटीच घटते हे तेव्हा नीट दाखवलं गेलं. त्याआधीचे निष्कर्ष मी चिमटीत धरूनच वाचतो. अमिग्डाला (भावना, भीती यांच्याशी संबंध असलेला भाग) आणि कपाळामागचा भाग यांच्या जोडणीचंही तसंच: काही अभ्यासांत जास्त, काहींत कमी. मॅनियात स्कॅन केला की उदासीत की दोन्ही ओसरल्यावर, यावरही आकडा बदलतो. सगळ्यात टिकाऊ निष्कर्ष मला व्हाइट मॅटरचाच वाटतो, पण तोही गटाचा.

निफाडचा_बंडू
मला वेगळीच भीती वाटते. "तारांचा दोष आहे" असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की स्थळं बंद. आमच्याकडे आधी विहिरीला पाणी किती विचारायचे, आता डोक्याचा स्कॅन मागतील.

सई_देवळाली
बंडू गमतीत बोलले पण बरोबर बोलले. २०१३ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता: मानसिक आजाराला जैविक कारण सांगितलं की लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल ही त्यांची आशाही कमी होते. आमच्याकडे बहिणीबद्दल "बिचारीच्या हातात नाही" म्हणणारेच तिला साधी भाजी आणायला पाठवायचे नाहीत.

सेकंड_शिफ्ट
सहमत. "नाटकं करतो" ऐकण्यापेक्षा "तारा वेगळ्या" बरं, पण तारा वेगळ्या म्हणून मला मशीनवरून उठवू नका. दिवसभर मायक्रॉनमध्ये काम करतो मी.

मिसळ_विदाउट_तर्री
ह्याला म्हणतात प्रतिसाद. बाकी विम्याचं काय? मेव्हण्याच्या डिप्रेशनला पॉलिसीत जागा नाही असं सांगितलं होतं.

तारतम्य
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम २१(४): शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यायला हवा. पॉलिसीचा कागद आणि हे कलम घेऊन लेखी विचारा. तोंडी नकारावर परत येऊ नका.

अप्पा_पंचवटीकर
सेकंड_शिफ्ट, तुम्ही वारीला जाता असं मागे दुसऱ्या धाग्यावर वाचलं होतं. लिथियमवर असताना एवढं चालणं जमतं? पुतण्याला निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर जायचंय, तोही याच गोळीवर आहे.

सेकंड_शिफ्ट
मी त्र्यंबकहून सिन्नरपर्यंतच जातो अप्पा, पुढे सुट्टी नसते. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. मला सांगितलं होतं ते असं: घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं, म्हणून पाणी पीत राहायचं आणि एकदम अळणी खायचं नाही. पाय दुखले म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, त्यानेही लेव्हल चढते. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर पालखी सोडून सरळ दवाखाना. एकादशीला मी निर्जळी करत नाही. माउली समजून घेते.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. ब्रेन मॅपिंग रद्द केलं.

काल काकांना घरी बोलावलं आणि तारतम्य यांचे ६५ आणि ५९ टक्के सांगितले. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "म्हणजे उपकरणाची अचूकता कमी आहे, पेशंटमध्ये दोष नाही असं ठरत नाही." मी म्हटलं अगदी हेच. मग त्यांनी सेकंड_शिफ्ट यांचा पहिला प्रतिसाद माझ्या फोनवर स्वतः वाचला, चष्मा लावून, दोनदा. वाचून झाल्यावर काही बोलले नाहीत, पण भावाला जाऊन विचारलं की तुझी त्या वेळी झोप किती होती रे. तो म्हणाला, तासभर. काकांना हे कोणी सांगितलंच नव्हतं म्हणे. इतके महिने वाद घातला, पण त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

आता त्यांना 'मोजता येणारं काहीतरी' हवंय. डॉक्टरांनी सांगितलेली लिथियम लेव्हल त्यांनी आपल्याकडे घेतलीय. एक्सेलमध्ये ०.६ आणि १.० वर दोन लाल रेघा मारून ठेवल्यात आणि पहिल्या बिंदूची वाट बघतायत. रक्त द्यायला उद्या सकाळी जायचंय. उपाशी जावं लागतं का?

सेकंड_शिफ्ट
लेव्हलला उपाशीपोटी लागत नाही. पण शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. आणि क्रिएटिनिन, टीएसएच याच वेळी करायचं आहे का ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बघा, किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. काकांना आणखी दोन कॉलम मिळतील.

मिसळ_विदाउट_तर्री
उपाशी लागत नाही म्हणजे जाताना मिसळ चालेल?

सेकंड_शिफ्ट
येताना. नऊ चुकले तर काका तो बिंदू धरणार नाहीत.